हवेतल्या मंगल कार्यालयाचा कागद

पारनेरच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. आम्ही सात-आठ दस्तलेखक तिथे ओळीने बसतो आणि लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं लिहून देतो. पूर्वी टाइपरायटर होता, आता संगणक आणि प्रिंटर आहे. समोरच्या बाकावर बसणारी माणसं मात्र तशीच आहेत. सख्खे भाऊ हातभर बांधासाठी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि तेच भाऊ कोट घातलेला परका माणूस दिसला की खिसा मोकळा करून येतात. इतकी वर्षं असले व्यवहार लिहून माणसांबद्दल माझं मत फारसं बरं राहिलेलं नाही. मला मूर्ख माणसाची कीव येत नाही, राग येतो, आणि रागापेक्षा जास्त हसू येतं.

माझी धाकटी बहीण मिरजगावात दिली आहे. तिथे हायवेला लागून तिचा दहा बाय बाराचा गाळा होता. ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल-पिको करायचं, असं तिचं काम. लग्न झाल्यावर बारा-तेरा वर्षं तिने घराच्या ओट्यावर मशीन ठेवून शिवण केलं आणि त्या पैशातून गाळा घेतला. तो तिच्या एकटीच्या नावावर होता. आमच्या घरात बाईच्या एकटीच्या नावावर झालेली ती पहिली जागा, आणि त्याचं खरेदीखत मीच लिहिलं होतं. त्या दिवशी तिने पेढे आणले होते आणि शेडमधल्या सगळ्यांना स्वतः वाटले होते. गाळ्यात ती मालकीण होती. घरी दाजींच्या मित्रांसाठी दिवसातून पाच वेळा चहा ठेवणारी बाई गाळ्यात गिऱ्हाइकाला ‘बुधवारी या, आज न्हाई व्हनार’ असं तोंडावर सांगायची.

दाजींचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. धंदा चांगला चालायचा, पण दाजींना चालणाऱ्या धंद्यात करमत नसे. गावात काही नवीन आलं की पहिला मान त्यांचा. त्यांनी इमू पाळले. इमूंना गिऱ्हाईक मिळेना तेव्हा शेवटचे दोन कोणाला तरी फुकट दिले, आणि तो घेणारासुद्धा टेम्पोचं भाडं मागत होता. मग कोरफड लावली. मग एका पावडरीची एजन्सी घेतली, जिचे डबे अजून त्यांच्या माळ्यावर आहेत. दर वेळी दाजी म्हणायचे, ‘आपन पहिलं घुसायचं. मागून येनारे नुसते बघत ऱ्हात्यात.’ मी मागून येणाऱ्यांतला. मी बघत राहायचो, आणि बघण्यात मला मजा यायची, हे आधीच कबूल करतो.

आणखी एक कबूल करायचं आहे. एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीला पंगत बसलेली असताना दाजी माझ्याकडे बोट करून म्हणाले होते, ‘पाव्हण्यांचा धंदा आता चार दिसांचा. सगळं ऑनलाइन होनार. मंग ह्या टायपिंगवाल्यांनी काय करायचं?’ सगळी पंगत हसली. मीही हसलो, आणखी दोन जिलब्या वाढून घेतल्या, आणि ते वाक्य लक्षात ठेवलं.

त्यानंतर वर्षभराने दाजी माझ्या टेबलाशी आले. हातात मोठा मोबाईल आणि चेहऱ्यावर इमूच्या वेळचा उजेड. नगरला एका हॉटेलात कोणा सल्लागाराने मार्गदर्शन ठेवलं होतं, चहा-बिस्किटांसकट. उन्हाळ्यात कोट घालून आलेल्या त्या माणसाने यांना सांगितलं की आता एक आभासी जग तयार झालं आहे, लोक पुढे तिथेच भेटणार, तिथेच बाजार करणार, तिथेच लग्नं लावणार. तिथे जागा विकत मिळते. आज मिळते ती उद्या मिळणार नाही.

दाजींनी मला ते जग दाखवलं. आकाश जांभळं. खाली चौकोन आखलेले, काहींवर रंगीत इमारती, बहुतेक रिकामे. त्या चौकोनांमधून बाहुले फिरत होते. प्रत्येक बाहुला म्हणजे कुठेतरी बसलेला एक खरा माणूस, असं दाजींनी सांगितलं. एका बाहुल्याला पाय नव्हते, तो कमरेपासून वरचा तेवढा तरंगत चालला होता.

‘ह्याला पाय न्हाईत,’ मी म्हणालो.

‘नेट स्लो आसंल त्याचं,’ दाजी म्हणाले. ‘पाव्हणं, इथं मी मंगल कार्यालय टाकनार. आपली किती पोरं परदेशात हायेत, त्यांना इकडच्या लग्नाला येता येत न्हाई. ती हितं येतील. मंडप आपला, डेकोरेशन आपलं, आन् बांबू उचलायला मानूस नको.’

मी विचारलं, ‘आन् ही जागा संपनार कशी? त्यांना पाहिजे तेवढी करता येती की.’

‘मर्यादित हाय,’ दाजी म्हणाले. सल्लागाराचा शब्द त्यांनी जसाच्या तसा उचलला होता. माणूस जेव्हा एरवी न वापरलेला शब्द असा ठामपणे वापरतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी चहा मागवला.

दाजींना माझ्याकडून हवा होता कागद. सल्लागाराने आधी स्वतःच्या नावावर घेतलेला चौकातला कोपऱ्याचा प्लॉट तो दाजींना विकणार होता. त्या जगात नुसतं एक बटण दाबलं की जागा नावावर होते. पण आमच्याकडे बटणावर कोणाचा विश्वास बसतो? कागद पाहिजे, स्टॅम्पचा पाहिजे, त्यावर चतुःसीमा पाहिजे, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि अंगठे पाहिजेत. मग ती जागा कुठे आहे, आहे की नाही, हे नंतर बघता येतं.

‘निम्मं हिच्या नावावर घाला,’ दाजी म्हणाले. ‘तिनं तसं सांगितलंय. गाळ्याचं पैसं घालायचेत ना त्यात.’

गाळा विकायचं ठरलं आहे, हे मला असं कळलं. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला आणि विचारलं, ‘तिला पटलंय का?’

‘पटलंय की. ती म्हणली, दादा कागद करनार आसंल तर माझी हरकत न्हाई.’

त्याच वेळी मी उठून मिरजगावची गाडी धरायला हवी होती. मी धरली नाही. मी दाजींकडून त्या जगाची सगळी माहिती माझ्या संगणकावर उघडून घेतली आणि म्हणालो, उद्या कच्चा मसुदा करतो.

त्या दुपारी पक्षकार कमी होते. त्या जगात शिरताना एक ‘मान्य आहे’ असं बटण येतं, त्याच्या मागे इंग्रजीत अटी लिहिलेल्या असतात. दाजींनी ते बटण दाबलं होतं, वाचलं नव्हतं. मी त्या अटी मराठीत करून घेतल्या आणि सगळ्या वाचल्या, कारण दस्त समोर आला की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. छापली असती तर वीसेक पानं भरली असती. त्यात एका जागी लिहिलं होतं की इथे तुम्ही जे काही विकत घ्याल ते तुमच्या मालकीचं होत नाही, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी मिळते. दुसऱ्या जागी लिहिलं होतं की कंपनी हे जग कधीही, कोणतंही कारण न देता बंद करू शकते. तिसऱ्या जागी होतं की तसं झालं तर कोणी काही मागायचं नाही, आणि मागायचंच असेल तर कंपनीच्या देशात येऊन मागायचं. इतका एका बाजूने लिहिलेला दस्त मी जन्मात पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्या लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं. बांधावरच्या आंब्याच्या झाडापर्यंत सगळं लिहून घेणारी आमची माणसं, आणि त्यांनी वीस पानांवर न वाचता होकार दिला होता.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. दाजींना टोमणा तेवढा मारला. म्हणालो, ‘दाजी, हवेत मंडप बांधताय.’ ते म्हणाले, ‘हवेतच तर बांधायचाय, खड्डं खनायला नकोत.’ आपण सावध केलं असं मी मनात धरून चाललो. तुम्हीच म्हणालात ना टायपिंगवाला, मग टायपिंगवाला टाइप करील, असं माझ्या डोक्यात होतं. दाजी एकदा तोंडावर आपटलेले मला बघायचे होते. ते आपटताना त्यांच्याबरोबर कोण आपटेल याचा हिशेब मी केला नाही, किंवा केला आणि बाजूला सारला.

मसुदा लिहिताना मला शेडमधल्या सोबत्यांसमोर हसू आवरेना. मौजे या शब्दापुढे गावाचं नाव लागतं. दाजी म्हणाले, मिरजगावच टाका. मी तिथे त्या जगाचं इंग्रजी नाव टाकलं आणि तालुक्यापुढे आडवी रेघ मारली. गट नंबर नव्हता, त्याजागी प्लॉटचा लांबलचक आकडा. मग चतुःसीमा. पूर्वेस चौक. दक्षिणेस कारंजे. पश्चिमेस दाजींच्या चुलतभावाचा प्लॉट, कारण दाजींनी त्यालाही भरीला घालून शेजारची जागा घ्यायला लावली होती. उत्तरेस काय लिहायचं हे कोणालाच ठरवता येईना, कारण त्या बाजूला जग अजून बनायचं होतं. शेवटी मी लिहिलं, ‘उत्तरेस मोकळे’. साक्षीदार म्हणून चहावाला आणि झेरॉक्सवाला यांची नावं घातली.

सहीच्या दिवशी बहीण आली होती. नवी साडी, हातात पर्स. सल्लागाराने कोट घातला होता आणि तो मला सर म्हणत होता. मी कागद मोठ्याने वाचून दाखवला, जसा नेहमी दाखवतो. बहिणीने सगळा मन लावून ऐकला. चतुःसीमा ऐकताना ती मान हलवत होती. आमच्या वडिलांच्या जमिनीचा दस्त वाचला गेला तेव्हा आई अशीच मान हलवायची. मग तिने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘दादा, काही भ्या न्हाई ना?’

‘मी लिहिलाय ना,’ मी म्हणालो.

तिने सही केली. तिचं अक्षर चांगलं आहे, सही सुबक आली. मी माझी फी घेतली. तिच्या गाळ्याच्या दस्ताची घेतली नव्हती, याची घेतली. पैसे दाजींच्या खिशातून आले आणि मला ते घेताना बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात गाळा विकला गेला आणि ठरल्याप्रमाणे पैसे सल्लागाराला पोचले. घेणाऱ्याने तिथे मोबाईलचं दुकान टाकलं. तिचं शिवणाचं मशीन परत घराच्या ओट्यावर आलं. लांबच्या गावांहून हायवेने येणारी गिऱ्हाइकं गावात आत शिरून घर शोधायचा त्रास घेत नाहीत, त्यामुळे काम निम्म्यावर आलं. ती म्हणायची, थोडे दिवस आहेत, हॉलचं चालू होऊ दे.

हॉलचं चालू झालं. दाजींनी कोणा पोराकडून पैसे देऊन तिथे मोठी इमारत उठवून घेतली. खांबांना झेंडू, स्टेजवर सिंहासनासारख्या दोन खुर्च्या, दारात हत्ती. भूमिपूजनही केलं. मोबाईल पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी नारळ फोडला. पाणी मोबाईलमध्ये गेलं. दोन दिवस मोबाईल तांदळात ठेवावा लागला, आणि दोन दिवस मालकाला आपल्याच कार्यालयात शिरता आलं नाही.

पहिलं बुकिंग श्रीरामपूरच्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं मिळालं. मुलगा परदेशात, मुलगी श्रीरामपुरात, साखरपुडा करायचा. दाजींनी मलाही निमंत्रण दिलं. मी टेबलावरूनच संगणकातून गेलो. मला जो बाहुला मिळाला त्याला केस निळे होते. आत शिरलो तर दहा-बारा पाहुणे स्टेजच्या फळ्यांमध्ये गुडघ्यापर्यंत रुतलेले, कोणाला वर निघता येईना. नवरा मुलगा आला, पण जागेवरच गोल फिरत राहिला. पाद्रीसाहेबांचा बाहुला भिंतीकडे तोंड करून उभा होता, ते शांतपणे प्रार्थना म्हणत होते आणि आवाज बाहेरच्या कारंज्यातून येत होता. मुलीच्या मामाला आत येताच येईना, तो फोनवरून दाजींना विचारत होता की दार कुठल्या बाजूला आहे. अंगठी घालायच्या वेळी नवरीचा हात नवऱ्याच्या पोटातून आरपार गेला. मग सगळं जागच्या जागी गोठलं आणि पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं की थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

त्या लोकांनी संध्याकाळी घरीच साधा व्हिडिओ कॉल लावून साखरपुडा उरकला. व्हिडिओ कॉल फुकट असतो. दाजींनी त्यांना वर सांगितलं की ही तांत्रिक अडचण कंपनीकडची आहे. भाडं त्या जगाच्या नाण्यात मिळालं होतं. त्या नाण्याचा भाव रोज बदलायचा. दाजी म्हणाले चढेपर्यंत थांबू, आणि थांबले. नाणं खाली जात राहिलं. दोन-तीन कार्यक्रम आणखी झाले. एकात वीज गेली, एकात पाहुणेच आले नाहीत, कारण ते कसं उघडायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

मग चुलतभावाबरोबर भांडण झालं. चुलतभावाने आपल्या प्लॉटवर खतांच्या जाहिरातीसाठी प्रचंड मोठा फलक उभा केला, आणि दाजींचा हत्ती त्याच्यामागे गेला. शिवाय चुलतभावाकडे येणारे बाहुले दाजींच्या प्लॉटमधून चालत जातात, अशी तक्रार. तिथे माणसं कुठूनही कुठेही उडत जाऊ शकतात. तरी वाट कोणाची यावरून मिरजगावात दोघांची गचांडी धरेपर्यंत मजल गेली. शेवटी दोघे समझोत्यासाठी माझ्याकडे पारनेरला आले, वेगवेगळ्या गाड्यांनी.

‘मोजनी करायची म्हणतोय मी,’ चुलतभाऊ म्हणाला. ‘सरकारी न्हाई तर खाजगी. हद्द ठरू द्या.’

‘खुना कुठं रोवायच्या?’ मी विचारलं.

‘ते तुमी लिवा, आमी बघतो.’

मी चेहरा गंभीर ठेवला. दोघांना बाकावर बसवलं, त्या जगाचा नकाशा छापून काढला, त्यावर पट्टीने रेघ मारली आणि समजुतीचा करारनामा लिहिला. चार फूट वाट दोघांनी सोडायची, फलकाची उंची हत्तीच्या सोंडेपेक्षा जास्त ठेवायची नाही. दोघांनी सह्या केल्या आणि एकाच गाडीत शेजारी बसून परत गेले. त्या दिवशी शेडमध्ये आम्ही पोट धरून हसलो. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने विचारलं, ‘वन्संच्या गाळ्याचं मंग काय व्हनार?’ मी म्हणालो, बघू.

काही महिन्यांनी दाजींच्या मोबाईलवर कंपनीचं पत्र आलं. त्यांनी ते मला पाठवून मराठी करून मागितलं. गोड पत्र होतं. या प्रवासात आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार मानले होते आणि महिनाअखेरीस हे जग बंद होईल असं कळवलं होतं. जड अंतःकरणाने हा निर्णय घेत आहोत, असंही होतं. अंतःकरणासकट सगळं वीस पानांत आधीच लिहिलेलं होतं. मी दाजींना दोन ओळींत मराठी करून पाठवलं. त्यांचा फोन आला, ‘बंद म्हंजी? टाळं लावनार? चावी कुनाकडं ठेवनार?’ मी म्हणालो, ‘दाजी, टाळं लावायला दार राहायला पाहिजे.’

इतके दिवस ज्या क्षणाची मी वाट बघितली तो हा. फोन ठेवला आणि मला काही मजा आली नाही.

सल्लागाराचा नंबर बंद होता. त्या हॉटेलात आता दुसऱ्या कशाचं तरी मार्गदर्शन चालू होतं, चहा-बिस्किटांसकट. दाजी आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी ड्रोनची माहिती काढायला गेले म्हणे.

बहीण एकटी आली. मिरजगावहून नगर, नगरला गाडी बदलून पारनेर. दुपारी साडेबाराला शेडमध्ये पोचली. पर्समधून तिने प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेला तो कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडला. दुसऱ्या हाताने तिने कागदाचा कोपरा दाबून धरला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून.

‘दादा, हा कुठल्या हापिसात दाखवायचा?’

मी तिला बाकावर बसवलं.

‘ह्यांना काय सुधरंना. त्यांना मी म्हणलं, तुमी घरी बसा, मी बघती. कागद हाय म्हणल्यावर कुनी न कुनी भरून दील की. तू सांग, मामलेदाराकडं जायचं का कोर्टात?’

मी तिला सांगितलं. कंपनी आपल्या देशातली नाही, ती जागा कोणाच्या मालकीची होतच नव्हती, विकणाऱ्याकडे विकायला काही नव्हतं, आणि तो सापडला तरी हा कागद घेऊन फार लांब जाता येणार नाही. हे सगळं मी कागदाकडे बघत सांगितलं. कागद माझाच होता. समास नीट सोडलेला, एक चूक नाही.

शेजारच्या टेबलावर कोणाच्या तरी बक्षीसपत्राची प्रिंट निघत होती.

‘ह्यांच्यावर मी इश्वास ठिवला न्हवता,’ ती म्हणाली. ‘ह्यांचं मला ठावं हाय. इमू मीच सांभाळलं हुतं. मी म्हणलं, दादा वाचल्याबिगर लिवीत न्हाई.’ मग तिने मान वर केली. ‘तुला ठावं हुतं का, दादा?’

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझ्याकडे दोन उत्तरं होती. पहिलं खरं होतं. ते दिलं असतं तर तिला कळलं असतं की तिचा भाऊ वीस पानं वाचून, सगळं समजून, तिच्यासमोर बसून, फी घेऊन, तिला सही करताना बघत होता. दाजींची फजिती व्हावी म्हणून.

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘मला बी न्हाई कळलं.’

तिने सुस्कारा टाकला. मग टेबलावर ठेवलेल्या माझ्या हातावर हात ठेवला आणि दोनदा थोपटला.

‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘मनाला लावून घिऊ नको. तुझ्यासारख्याला फशिवलं, तर आमचं काय घिऊन बसलास. जेवलास का?’

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी जेवलो होतो, तरी तिने डबा उघडला, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली, आणि मी ती खाल्ली. साडेतीनच्या गाडीने ती गेली. कागद परत पर्समध्ये घालून नेला. मी मागितला होता, तिने दिला नाही.

आता ती मिरजगावात सगळ्यांना सांगते की माझा भाऊ तीस वर्षं कचेरीबाहेर बसून कागद लिहितो, तोसुद्धा यात फसला, मग आमच्या ह्यांना काय नावं ठेवायची. घरात दाजींना कोणी बोलू लागलं की ती हेच पुढे करते. दाजींना तिने माफ केलं ते माझ्या अडाणीपणाच्या जोरावर. परवा एका लग्नात भेटले तेव्हा दाजींनी माझ्या खांद्यावर हात टाकला, मला शेजारी बसवून घेतलं आणि प्रेमाने म्हणाले, ‘पाव्हणं, आपन दोघं बी भोळी मानसं.’

बहीण समोरच पंगतीत वाढत होती. मी म्हणालो, ‘व्हय, दाजी.’